प्लेअर लावला की घूंऽऽ येतंय? आधी पाकीट बाजूला ठेवा

माझ्या मामांचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, जुनं, मातीच्या भिंतींचं, आणि माळ्यावर काय काय पडलंय ते त्यांना स्वतःलाही माहीत नाही. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तिथनं एक रेकॉर्ड प्लेअर निघाला, सोबत दोन ट्रंका भरून रेकॉर्ड. पुसला, लावला, तर गाणं मागं आणि घूंऽऽऽ पुढं. मामा म्हणाले, "ह्यो गेला रं, भंगारवाल्याला दे." मी आपलं सहज आर्म, म्हणजे पिन बसवलेला दांडा, उचलायला बोट लावलं आणि घूं एकदम निम्म्यावर आला. बोट काढलं की परत वर. तीन-चार वेळा करून दाखवलं तर मामा म्हणतात, "मग काय गाणं संपेस्तवर हात लावून बसायचं व्हय?" मागच्या वायरी चाचपल्या तर त्यात एक बारीक वायर, टोकाला काटा असलेली, कुणीतरी फालतू समजून काळ्या चिकटपट्टीनं बाकीच्या वायरींना गुंडाळून टाकलेली. ती सोडवली, अॅम्पच्या (आवाज वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या) मागं जीएनडी, म्हणजे ग्राउंड, लिहिलेल्या स्क्रूखाली दाबली आणि घूं गायब. खर्च शून्य.

तेव्हापासून नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र असे बरेच प्लेअर बघून झाले आणि एक गोष्ट पक्की कळली, लोक आवाज कुठनं येतोय ते शोधायच्या आधीच काहीतरी विकत घेऊन बसतात. केबल बदलतात, अॅम्प बदलतात, आणि घूं तिथंच. म्हणून मी जसं शोधतो तसं सगळं इथं लिहून काढतोय, लांबलंय, पण चहा घेऊन बसा.

पहिलं हे समजून घ्या की रेकॉर्ड प्लेअर एवढा नाजूक का. सीडी प्लेअरमधनं साधारण २ व्होल्टपर्यंत सिग्नल निघतो. आजकाल सर्रास असतं त्या मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम, कार्ट्रिजमधनं (आर्मच्या टोकाची, पिन धरणारी डबी) निघतो फक्त ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे चारपाचशेपट कमी. तो वाढवायला फोनो प्रीअॅम्प लागतो, जो साधारण शंभरपट वाढवतो. त्यात अजून एक गंमत, रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल जास्त करून कापलेला असतो, नाहीतर बेसच्या खाचा एवढ्या रुंद होतील की एका बाजूला चारपाच मिनिटंच मावतील. वाजवताना प्रीअॅम्प ते उलटं करतो, आरआयएए कर्व्ह म्हणतात त्याला, १९५४ पासून तोच चालत आलाय. आता आपल्या घरातली लाईट ५० हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झ म्हणजे नेमका बेस, तिथं हा प्रीअॅम्प मधल्या सुरांपेक्षा सातपट जास्त वाढवतो. म्हणजे लाईटच्या वायरीतनं जी चिमूटभर गुणगुण आत शिरते ती स्पीकरमधनं म्हैस हंबरल्यासारखी बाहेर येते. तुमच्या प्लेअरचा यात दोष असेलच असं नाही.

आता शोधायचं कसं. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं. तीन वायरी एकदम हलवल्या आणि आवाज गेला तर तो कशानं गेला ते कळत नाही आणि महिन्याभरानं परत येतो.

सुरुवात कानापासून. घूं स्पीकरमधनं येतोय का अॅम्पच्या डब्यातनं, ते जवळ जाऊन ऐका. डब्यातनंच येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर थरथरतोय, त्याला केबलनं काही होणार नाही. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालू असतानाच येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा, त्याच्यावर ट्रान्सफॉर्मर हमखास घुरघुरतो आणि प्लेअरची एसी मोटर पण तापते. साइन वेव्हवाला असेल तर हा त्रास होत नाही. तोवर इन्व्हर्टरवर गाणी ऐकू नका, एवढाच उपाय.

स्पीकरमधनं येत असेल तर व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. तरी घूं तेवढाच राहिला तर प्लेअरचा काही संबंध नाही, अॅम्पच्या आतलं दुखणं आहे. वीस-तीस वर्षं जुन्या अॅम्पमधे बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर वाळलेले असतात. हा घूं जरा चरचरीत असतो, ५० चा नाही १०० हर्ट्झचा. हे काम ओळखीच्या मेकॅनिककडं द्या, स्वतः झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा त्या कॅपॅसिटरमधे झटका शिल्लक असतो.

व्हॉल्यूम कमी केल्यावर घूं कमी होतो, तर मग सिलेक्टर ऑक्सवर, म्हणजे दुसरं यंत्र जोडायच्या इनपुटवर, टाका, तिथं काही जोडलेलं नको. शांत? म्हणजे अॅम्प ठीक. आता फोनोवर, म्हणजे प्लेअर जोडायच्या इनपुटवर, या आणि प्लेअरच्या वायरी मागनं काढा. इथं एक फसगत होते, उघडा फोनो इनपुट स्वतःच अँटेनासारखा गुणगुणतो, आणि लोकांना वाटतं प्रीअॅम्प गेला. म्हणून मी दोन जुन्या आरसीए पिनांचं (वायरीच्या टोकाच्या, मागं खुपसायच्या गोल पिना) मधलं टोक आणि बाहेरची कडी एकमेकांना सोल्डर करून ठेवलीत, त्या फोनोच्या भोकात खुपसायच्या. त्या लावून शांतता आली की प्रीअॅम्प सुटला, भानगड प्लेअर किंवा त्याच्या वायरीत. दहा मिनिटांत निम्मं घर तपासून झालं बघा.

आता प्लेअरकडं या. ती बारीक ग्राउंड वायर आधी बघा, आहे का, तुटलीय का, स्क्रूखाली नीट घट्ट बसलीय का, गंज आहे का. वायरच नसेल तर घाबरू नका, काही कंपन्यांच्या आर्ममधे ग्राउंड हे डाव्या चॅनलच्या वायरीतनंच नेलेलं असतं, आणि ज्यांच्या आतच प्रीअॅम्प असतो अशा स्वस्तातल्या प्लेअरना ती लागतच नाही. आर्मला बोट लावल्यावर घूं कमी झाला तर आर्मचं ग्राउंड तुटलंय. बोट लावल्यावर वाढला तरी तिथंच कुठंतरी बघायचं. घूं फक्त एकाच स्पीकरमधे असेल तर डावी-उजवी आरसीए पिन अॅम्पकडच्या टोकाला अदलाबदल करा, घूं दुसऱ्या स्पीकरमधे गेला तर दोष प्लेअरकडं, जागेवरच राहिला तर अॅम्पकडं. प्लेअरकडं असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक वायरी बघा, पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. एखादी सैल किंवा काळी पडलेली असते. चिमट्यानं धरून काढायची ती पितळी टोपीला धरून, वायरीला ओढलं तर केसासारखी तुटते, आणि मग ती सोल्डर करायला डोळे आणि संयम दोन्ही लागतात. प्लेअर बंद ठेवून करा, आणि कार्ट्रिजवर चुकून सोल्डरिंग गन लावू नका, आतली कॉइल जाते.

अजून एक प्रकार आहे, आर्म रेकॉर्डच्या कडेला असताना शांत आणि आत आत सरकेल तसा घूं वाढत जातो. हे मोटरच्या चुंबकाचं काम. काही कार्ट्रिजना शील्ड कमी असतं आणि जुन्या प्लेअरच्या मोटरशेजारी ती गेली की गुणगुणतात. हीच गोष्ट बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरनं पण होते, म्हणजे प्लेअर अॅम्पच्या डोक्यावर ठेवलेला असतो. असा ठेवला असेल तर आज संध्याकाळीच खाली उतरवा. प्लेअर हातात धरून अॅम्पपासून हळूहळू बाजूला नेत ऐका, कुठं घूं संपतो ती जागा पकडा, बहुतेक हातभर अंतरात संपतो. आणि फोनोच्या वायरी पॉवर केबलच्या गुंडाळीत गुंफून ठेवू नका, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

आता घरातलं राजकारण, म्हणजे अर्थिंग. जुन्या पेठांतल्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते, असं मी चार घरांत बघितलंय. वायरमनला बोलवून मल्टिमीटरनं मोजून घ्या. फेज आणि अर्थमधे २३० च्या आसपास यायला पाहिजे आणि न्यूट्रल आणि अर्थमधे एक-दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थला सत्तर-ऐंशी-शंभर असं काहीतरी अधांतरी दाखवत असेल तर अर्थिंग नुसतं नावाला आहे. मग खड्डा, कोळसा, मीठ, प्लेट हे सगळं रीतसर करून घ्या, ते फक्त गाण्यासाठी नाही, गिझर आणि फ्रिजसाठी पण आहे. दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. अर्थची पिन कापायची नाही, काही लोक सांगतात की पिन कापली की घूं जातो, जातो पण, आणि मग एखाद्या दिवशी अॅम्पची बॉडी लाइव्ह होते. आणि ग्राउंड वायर नळाला किंवा न्यूट्रलला जोडायची नाही.

अर्थिंग चांगलं असूनही घूं असेल तर ग्राउंड लूप असू शकतो. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, कॉम्प्युटर सगळं अॅम्पला जोडलेलं असतं, आणि छतावरनं आलेली डिशची किंवा केबलची वायर दुसऱ्याच मार्गानं जमिनीला लागलेली असते. एकेक वायर अॅम्पपासून काढत जा. डिशची जाड गोल केबल सेट टॉप बॉक्समधनं काढली आणि घूं थांबला असं लई वेळा होतं. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतली तरी निम्म्या वेळा प्रश्न सुटतो.

आणि घूं नाही तर चर्रर्र असा बारीक आवाज असेल, मधमाशी बाटलीत अडकल्यासारखा, तर आधी पंखा बंद करा. राजारामपुरीतल्या एका मित्राकडं आम्ही दोन रविवार घालवले, केबल बदलली, कार्ट्रिज काढून बसवलं, शेवटी त्याची आई म्हणाली गरम होतंय रे आणि पंख्याचा रेग्युलेटर फिरवला तर चर्रर्रचा सूरच बदलला. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं. तो गोल, सलग फिरणारा रेग्युलेटर लाईटची लहर कापून वेग कमी करतो, त्याचा कचरा सगळ्या वायरिंगमधे पसरतो. त्याऐवजी टक टक करत पायरीपायरीनं फिरणारा कॅपॅसिटरवाला बसवला, प्रश्न मिटला. स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाईलचे लोकल चार्जर पण असाच त्रास देतात, एकेक बंद करून बघा.

घूं मिटला की मग कानाला बाकीचे आवाज कळायला लागतात.

घरघर म्हणजे रंबल, लांबनं ट्रक जातोय तसा. त्याची परीक्षा सोपी आहे. बेल्टवाला प्लेअर असेल तर बेल्ट काढा, थाळीवर रेकॉर्ड ठेवा, थाळी फिरत नाहीये, पिन अलगद टेकवा, मोटर चालू करा आणि व्हॉल्यूम थोडा थोडा वाढवा. घरघर आली तर मोटरची थरथर पत्र्यातनं पिनपर्यंत पोचतीय, मोटरच्या खालचे रबर बुश कडक झालेत ते बदला. नाही आली तर थाळीच्या मधल्या बेअरिंगकडं बघा. थाळी उचला, जुनं काळं तेल कापडानं पुसून काढा, शिलाई मशीनचं पातळ तेल दोन थेंब, बास. खोबरेल तेल घालू नका हो, थंडीत गोठतं आणि वर्षभरात डिंक होतो, मी एका बेअरिंगमधनं ते टोचून टोचून बाहेर काढलंय. आणि ज्या जुन्या प्लेअरमधे रबरी चाक थाळीला आतनं घासत फिरवतं, त्या चाकाच्या रबरावर तेलाचा एक थेंब पण पडता कामा नये.

ठप, ठप, ठप असा ठेक्यात येणारा आवाज असेल तर घड्याळ काढा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांत होते, ४५ ला साधारण १.३ सेकंदांत. ठप बरोबर १.८ सेकंदांनी येतोय आणि याच रेकॉर्डला येतोय तर तो ओरखडा आहे. सगळ्या रेकॉर्डना येतो तर थाळीचं काहीतरी. आणि त्यापेक्षा भराभरा येत असेल, हलगी लागल्यासारखा, तर त्या रबरी चाकाला खड्डा पडलाय. प्लेअर वर्षानुवर्षं गिअरमधे अडकवून ठेवला की चाक एका जागी दबतं.

वेगाची गोष्ट निघालीच आहे तर ही पण ऐका. एका मित्राच्या भाच्यानं अमेरिकेतनं जुना प्लेअर आणला. ११० व्होल्टचा म्हणून स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर पण घेतला, आणि लावल्यावर लताबाई पुरुषासारख्या गायला लागल्या. सगळे म्हणाले बेल्ट सैल झालाय. बेल्ट नाही, तिकडची लाईट ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. एसी सिंक्रोनस, म्हणजे लाईटच्या हर्ट्झनुसार फिरणारी, मोटर असेल तर ती सहाव्या हिश्शानं हळू फिरणार, ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीस. यावर उपाय म्हणजे मोटरवरची पुली मोठी करणे, आणि त्यासाठी कोल्हापूरकरांनी कुठं बाहेर बघायची गरज नाही, उद्यमनगरात लेथवाल्यांची काय कमी आहे. पुलीच्या व्यासात बेल्टची जाडी मिळवा, १.२ नं गुणा, परत जाडी वजा करा. त्याची पुली १० मिलिमीटर, बेल्ट ०.६, म्हणजे नवीन पुली १२.१२ मिलिमीटर. पितळेच्या तुकड्यातनं कातून दिली. पहिल्यांदा भोक जरा मोठं झालं आणि पुली डुलायला लागली, गाणं पण डुलायला लागलं, दुसऱ्या खेपेला बरोबर बसली. तपासायला स्ट्रोब डिस्क, म्हणजे रेघांची चकती, वापरा, वेग बरोबर असला की फिरताना तिच्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात, कागदावर छापून मिळते, पण आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या लाईटला ३३⅓ साठी १८० रेघांची पाहिजे. अमेरिकेतली २१६ रेघांची असते, ती इथं बघून वेग जुळवला तर परत घोळ. आणि तीवर साधा पिवळा बल्ब किंवा निऑन टेस्टर धरा, बऱ्याच एलईडीखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत.

जुन्या चेंजरवर, म्हणजे एकामागनं एक रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या प्लेअरवर, १६ च्या वेगाचं पण बटण असतं, त्याचा उपयोग काय असं मामांनी विचारलं. घरात तसा काही नाही. पण १९७७ मधे व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली ती १६⅔ च्या वेगाचीच आहे, आणि तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ म्हणजे आपल्या कोल्हापूर दरबारचे गवई. मामांना हे एवढं आवडलं की येईल त्याला ते बटण दाखवतात.

आता खरखर. खरखर बहुतेक रेकॉर्डचीच असते, आणि आपल्याकडं पावसाळ्यात ट्रंका ओल धरतात, त्यामुळं रेकॉर्डवर पांढरी बुरशी येते. एलपी, म्हणजे ३३⅓ ची मोठी रेकॉर्ड, धुवायची तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादाच थेंब, मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, लेबलला पाणी लागू देऊ नका, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं परत धुवा आणि भांड्यांच्या स्टँडमधे उभी वाळवा. सावलीत. गच्चीवर उन्हात वाळवलेली एलपी पापडासारखी होते. हट्टी डागांना पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण ते फक्त एलपी आणि विनाइलच्या ४५ ला. जुन्या ७८ च्या जड काळ्या रेकॉर्ड लाखेच्या, त्यांना अल्कोहोल म्हणजे विष, लाख विरघळते. हे मी शिकलो ते मामांच्या एका नाट्यगीताच्या रेकॉर्डवर, पुसता पुसता कापूस काळा व्हायला लागला आणि मी येडा म्हणतोय काय घाण निघतीय बघा. ती घाण नव्हती, ते गाणं होतं.

७८ वरनं आठवलं, त्यांना पिन वेगळी लागते. एलपीच्या पिनेचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ ला ७५ च्या आसपासचं. एलपीच्या पिनेनं ७८ वाजवली तर पिन खाचेच्या तळाला घासत जाते, खरखर जास्त आणि पिनेची वाट.

पिनेवर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त फरक तिथंच आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष पण तिथंच. हिऱ्याची पिन साधारण ५०० ते १००० तास चालते. माळ्यावरनं निघालेल्या प्लेअरची पिन किती चाललीय ते देवाला ठाऊक, म्हणून ती झिजलेलीच समजा. झिजलेली पिन छिन्नीसारखी होते आणि चांगली रेकॉर्ड कायमची खराब करते. स, श, च फाटल्यासारखे यायला लागले, विशेषतः बाजूच्या शेवटच्या गाण्यात, तर पिनेवर संशय घ्या. बघायला गुजरीतले सराफ डोळ्याला लावतात तसली दहापटीची भिंग घ्या, निदान पिनेला चिकटलेला मळाचा गोळा आणि वाकडी झालेली दांडी तरी दिसते. साफ करताना ब्रश मागनं पुढं, तुमच्याकडं ओढायचा, आडवा कधीच नाही, आणि बोटानं तर अजिबात नाही.

मग वजन. पिन रेकॉर्डवर किती दाबते ते ग्रॅममधे असतं, कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेलं असतं, बऱ्याच एमएमना दीड ते साडेतीन ग्रॅमच्या मधे. लोक हळुवार म्हणून वजन कमी ठेवतात आणि त्यानंच उलटं नुकसान होतं, पिन खाचेत उड्या मारते. आर्मवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, चांदीच्या कामाला वापरतात तसला छोटा डिजिटल काटा मिळतो, हुपरीकडच्या कुणाला विचारा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. मात्र काट्याचं ताट लोखंडी नको, कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढतं आणि वजन खोटं येतं. मोजताना पिनेची उंची रेकॉर्डएवढीच असू द्या. आर्मवर दोन चार ग्रॅमची नाणी चिकटवलेले प्लेअर मी बघितलेत, ती काढा. फक्त एक लक्षात ठेवा, फार जुन्या प्लेअरमधे सिरॅमिक कार्ट्रिज असतं, ते दाब जास्त घेतं, सिग्नलही भरपूर देतं आणि त्याला फोनो प्रीअॅम्प लागतच नाही. ते फोनोला जोडलं की आवाज नुसता फाटतो. तसंच आत प्रीअॅम्प असलेल्या नव्या प्लेअरच्या मागचं बटण लाइनवर असेल तर ऑक्सला जोडा, फोनोवर असेल तर फोनोला. उलटं केलं तर एकतर डास गुणगुणल्यासारखा बारीक आवाज किंवा कान फाटणारा.

ठेवायची जागा. टीव्हीच्या शोकेसवर प्लेअर आणि शेजारीच स्पीकर, हे चित्र घरोघर. स्पीकरचा बेस लाकडातनं पिनेत जातो, परत स्पीकरमधनं येतो, आणि आवाज मोठा केला की ऊंऽऽऽ असा घुमायला लागतो. करून बघा, प्लेअर बंद, थांबलेल्या रेकॉर्डवर पिन टेकवा, व्हॉल्यूम नेहमीएवढा, आणि शोकेसवर बोटानं टिचकी मारा. स्पीकरमधनं ढम्म आलं आणि रेंगाळत राहिलं तर जागा बदला. आमच्याकडं मी फरशीच्या दुकानातनं कडप्प्याचा तुकडा आणला, कडा घासून घेतल्या, आणि खाली सायकलची लहान ट्यूब, जेमतेम हवा भरून. दिसायला काही खास नाही, पण टिचकी गिळून टाकते. जास्त हवा भरली तर ट्यूबच चेंडूसारखी उडते, त्यामुळं कडप्पा जेमतेम तरंगेल एवढीच. मग गवंड्याकडची लेव्हल ठेवून थाळी सपाट करून घ्या.

स्पीकरचं थोडक्यात सांगतो. भिंतीला चिकटवलेले असतील तर एक-दीड फूट पुढं ओढा, दोन स्पीकर आणि तुम्ही असा सारख्या बाजूंचा त्रिकोण करा, ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. वायर आठवणीनं तपासा, लाल लाललाच, एका स्पीकरचं उलटं झालं की बेस गायब होतो आणि गाणारा माणूस खोलीभर फिरायला लागतो. चार-पाच मीटरसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअरची तांब्याची लवचिक वायर पुरे, जाऊन-येऊन दहा मीटर धरले तरी तिचा रोध ओहमच्या आठव्या हिश्शाच्या आसपास, सोन्याच्या वायरीचे पैसे वाचवा. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खर्र होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून, अॅम्प बंद असताना, तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

आणि खोली. शहाबादी फरशी, मोकळ्या भिंती, मधे उभं राहून टाळी वाजवा, टण्ण असं वाजलं तर कुठल्याही स्पीकरवर गाणं कलकलाटच वाटणार. मामांच्या खोलीत खाली जाड सतरंजी टाकली, समोरच्या भिंतीवर घोंगडं टांगलं, मामींनी आधी "हे काय धनगरवाड्यासारखं" म्हणून नाक मुरडलं, पण ऐकल्यावर काढू दिलं नाही.

पैसे घालायचेच असतील तर मी या क्रमानं घालीन, आधी पिन, मग बेल्ट, मग कार्ट्रिज, मग बाहेरचा फोनो प्रीअॅम्प, आणि स्पीकर सगळ्यात शेवटी पण सगळ्यात जास्त. डॉल्बीसारखा बेस पाहिजे असेल तर मात्र हा नाद सोडा, तो गणपतीत मंडळाकडं फुकट मिळतो.

मामांच्या प्लेअरची पिन मागवलीय, अजून यायचीय. तोपर्यंत चांगल्या एलपी लावायच्या नाहीत असं बजावून, जाताना आर्म क्लिपमधे अडकवून येतो. दर रविवारी गेलो की क्लिप उघडी असते आणि मामा म्हणतात मांजरानं उघडली असेल. घरात मांजर नाही.